वकीलकाकांची पुढची तारीख

काका बोलायला उभे राहिले की आधी दोन्ही हातांनी कोटाच्या कडा धरून खाली ओढायचे. कोट अंगात असो वा नसो. कोर्टात त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण तिथे कोट असायचाच. पण रविवारी सकाळी बनियन आणि लेंग्यावर गॅलरीत उभे राहून दूधवाल्याशी बोलतानाही त्यांचे हात छातीपाशी जात, बनियनला एक हिसका बसे आणि मग आवाज येई, "आज नको. पुढची तारीख घेऊ."

त्यामुळे त्यांच्या सगळ्या बनियनना छातीपाशी दोन टोकं आली होती. आमच्या इमारतीत वारा सुटला की वरच्या मजल्यांवरचे वाळत घातलेले कपडे उडून खाली आमच्या दारात येतात. कुठला कपडा कुणाचा, यावरून मग अर्धा तास जातो. पण टोकं असलेलं बनियन सापडलं की आई मला लगेच म्हणायची, "जा, दुसऱ्या मजल्यावर देऊन ये. वकीलसाहेबांचा कोट पडलाय."

तुमच्याही इमारतीत असे एक गृहस्थ असतील, ज्यांना सगळे वाकून नमस्कार करतात आणि ज्यांची बायको त्यांना दारातूनच पिशवी देऊन परत पाठवते. मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण मला नीट जमेल का, ठाऊक नाही. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. आमच्याकडे लिहिताना आधी कृती आणि मग निष्कर्ष असतो. काकांच्या बाबतीत कृती भरपूर आहेत. निष्कर्ष मात्र काढायला गेलं की तेच समोर येऊन "पुढच्या तारखेला" म्हणतील असं वाटतं.

आम्ही बदलापूरला शिरगावात राहतो, तळमजल्यावर. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेज म्हणजे नक्की काय असतं, तिथे किती वर्षं जावं लागतं आणि ते संपलं हे कसं ओळखायचं, याबद्दल घरात कुणालाच खात्री नव्हती. मलाही फारशी नव्हती.

काका उल्हासनगरच्या कोर्टात वकिली करायचे. माझं कॉलेजही उल्हासनगरला. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायची सोय काकूंनी लावून दिली. "तुझं भाडं वाचेल म्हणून नाही सांगत हं," काकू मला म्हणाल्या, "मागे पोर बसली की हे जपून चालवतील."

त्याची काही गरज नव्हती. काका इतके हळू चालवायचे की सायकलवाले मागून घंटी वाजवायचे. एकदा अंबरनाथजवळ आमच्या मागून एक लग्नाची वरात आली. बँड, नाचणारी मंडळी, घोड्यावर नवरदेव. बघता बघता वरातीने आम्हाला मागे टाकलं. घोडा बाजूने जाताना नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला करून आमच्याकडे पाहिलंसुद्धा. मी शरमेने मान खाली घातली. काका मात्र शांत होते. हेल्मेटमधून म्हणाले, "जाऊ दे त्याला. घाई त्याला आहे. आपल्याला कसली?"

कोर्टाच्या फाटकाशी स्कूटर लागली की मात्र चित्र बदलायचं. चहावाला ग्लास धुवायचा थांबायचा. झाडाखाली अर्ज टाइप करणारे गृहस्थ उभे राहायचे. बाकावर बसलेली माणसं एकमेकांना कोपराने ढोसायची, "उठो, उठो, साहब आ गये." एका लांबट चेहऱ्याच्या म्हाताऱ्या सिंधी बाई रोज त्यांच्या डोक्यावर हात ठेवण्यासाठी हात वर करायच्या, आणि काका रोज हेल्मेट काढायला विसरायचे. त्या बिचाऱ्या हेल्मेटला आशीर्वाद देऊन परत जायच्या.

काकांची कामाची पद्धत अगदी साधी होती. लोक चिडून यायचे, काका शांतपणे तारीख घ्यायचे. पुढच्या तारखेला पुन्हा पुढची तारीख.

मी एकदा भीत भीत विचारलं, "काका, पण लोकांना कंटाळा येत असेल ना?"

"यायलाच हवा," ते म्हणाले. "भांडण ताजं असतं तेव्हा माणूस स्वतःचंसुद्धा ऐकत नाही. जरा शिळं झालं की विचारतो, वकीलसाहेब, मी नक्की कशासाठी भांडत होतो हो?"

उल्हासनगरमधल्या दोन सिंधी भावांचं असंच झालं. त्यांचं पापडांचं दुकान. दुकानाच्या पाटीवर वडिलांचा फोटो लावायचा, पण टोपीवाला की बिनटोपीचा, यावरून दोघे कोर्टात गेले. थोरला काकांचा पक्षकार. सुरुवातीला दोघे दोन रिक्षांनी यायचे. घर एकच, कोर्ट एकच, त्यामुळे रिक्षाही एकीमागे एक यायच्या. काही तारखांनंतर एकाच रिक्षाने येऊ लागले, पण तोंडं दोन बाजूंना करून. मग एकाच्या डब्यातलं दुसरा खाऊ लागला. शेवटी थोरला काकांना म्हणाला, "साहब, अब तारीख मत लो. दुकान में सीझन है, हम लोग के पास टाइम नहीं है."

"और झगड़ा?" काकांनी विचारलं.

"झगड़े का क्या है साईं, वो तो हम घर पे भी कर लेंगे."

पाटीवर दोन्ही फोटो लागले. अजून आहेत. बघणाऱ्याला वाटतं, दुकान दोघा जुळ्या भावांनी काढलं असावं.

पण सगळ्याच कामांत काका तारीख घेत नसत. एका पावसाळ्यात एका म्हाताऱ्या बाईला तिच्या पुतण्याने खोलीबाहेर काढलं होतं. त्या दिवशी सकाळी काका चक्क वेगात स्कूटर चालवत गेले. मी मागे बसले होते, मला पहिल्यांदाच भीती वाटली. संध्याकाळी डबा भरलेला परत आला म्हणून काकूंनी जिन्यातच त्यांना फैलावर घेतलं. काका ओले, कोट हातावर. एवढंच म्हणाले, "तिला आज घरात झोपायचं होतं गं." काकूंनी डबा हातातून घेतला आणि पुढे काही बोलल्या नाहीत. काकू काही बोलल्या नाहीत, असं मी पाहिलेलं ते एकदाच.

कारण घरात न्यायाधीश काकू होत्या. काका त्यांना 'कोर्ट'च म्हणायचे. संध्याकाळी जिना चढायच्या आधी आमच्या दारात थांबून हळूच आईला विचारायचे, "वहिनी, कोर्टाचा मूड कसा आहे?" आई म्हणायची, "भाकऱ्या थापतायत. आवाज मोठा येतोय." मग काका आमच्याकडे एक कप चहा घेऊन, आवाज कमी झाला की वर जायचे.

काकूंची एक जुनी मागणी होती. स्कूटर विकून टाकायची. काका त्यावर गेली कित्येक वर्षं तारीख घेत आले होते. कधी पावसाळा आहे, कधी स्कूटर आजारी आहे, कधी सुट्टीत मुलगा बेंगळुरूहून येणार आहे, त्याला एकदा बघू दे.

"अहो, मुलगा स्कूटर बघायला येतो का आई-बापाला?"

"हरकत आहे. प्रश्न भावनिक आहे."

"हरकत फेटाळली. पिशवी घ्या आणि कोथिंबीर आणा."

काका कोथिंबीर आणायला निघायचे. स्कूटरवरूनच.

आमच्या बाबांचा आणि काकांचा संबंध शेवग्याच्या झाडामुळे आला. शिरगावला यायच्या आधी आम्ही अंबरनाथला चाळीत होतो. मागच्या भिंतीला लागून एक शेवगा होता. मूळ शेजाऱ्याच्या बाजूला, फांद्या आमच्या पत्र्यावर. शेंगा कुणाच्या? बाबा तसे गरीब स्वभावाचे, पण शेंगांच्या आमटीच्या बाबतीत नाहीत. ते काकांकडे गेले. काकांनी नेहमीप्रमाणे तारखा घेतल्या. मधल्या एका पावसाळ्यात झाडच पडलं. बाबा धावत काकांकडे गेले, "साहेब, झाड पडलं!"

काकांनी कोट ओढला. "झाड पडलं म्हणून काय झालं? मुद्दा उभा आहे."

बाबा प्रत्येक तारखेला इस्त्रीचा आकाशी शर्ट घालून, कारखान्यातून रजा काढून जात राहिले. शेजारीही यायचा. शेवटी दोघांना पडलेल्या झाडाची इतकी आठवण यायला लागली की त्यांनी मिळून नवीन शेवगा लावला आणि दावा मागे घेतला. पण बाबांच्या मनात एक गोष्ट कायम राहिली. ते आईला म्हणायचे, "माणूस देवासारखा आहे. पण तारखा देऊन देऊन माझा शर्ट विरला."

आता मुख्य गोष्ट सांगते.

मी शेवटच्या वर्षाला होते. माझी आत्या शहाडला राहते. ती एक दिवस पेढे घेऊन आली. पेढे कशाचे, हे विचारायच्या आधीच तिने सांगितलं की स्थळ आहे, मुलगा चांगला आहे, आणि त्यांना लग्न लगेच करायचं आहे.

"ताई, पण तिची परीक्षा आहे उन्हाळ्यात," बाबा म्हणाले.

"अरे, शिकून शिकून पोरीला चष्मा लागला. आता अजून काय लावून घ्यायचंय तिला?"

बाबांना उत्तर सुचलं नाही. बाबांना आत्यापुढे कधीच सुचत नाही. आणि मी तर बाबांचीच मुलगी. मलाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मी काकांना सांगायचं ठरवलं. पण काकांचं हेल्मेट, माझा ओढणीने बांधलेला चेहरा आणि रस्त्याचा आवाज. मी म्हणाले, "काका, मला शिकायचंय." ते म्हणाले, "हो, ऊन फार आहे." मी जरा मोठ्याने म्हणाले. ते म्हणाले, "पेट्रोल काल भरलं." शेवटी मी सगळा जीव गोळा करून ओरडले, "काका, मला शिकायचंय!" आणि नेमकं तेव्हाच सिग्नलला स्कूटर बंद पडली. रस्ता क्षणभर गप्प होता. सगळ्यांनी ऐकलं. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली, "तो पढ़ो ना बेटा, किसने रोका है?"

काकांनी मागे न बघता किक मारली. "आलं हे रेकॉर्डवर," ते म्हणाले.

मला केवढा धीर आला. पण पुढच्या चौकात ते म्हणाले, "एक अडचण आहे. तुझे बाबा काल येऊन गेले. रविवारी पाहुणे येणार, तर मी त्यांच्या बाजूने बसावं म्हणाले. त्यांना बोलता येत नाही ना. मी हो म्हणून बसलो. आता मी त्यांचा वकील. तुझा नाही होऊ शकत. नीतीचा प्रश्न आहे."

मी कॉलेजात उतरले ती रडवेली होऊन.

रविवारी काका आमच्याकडे आले ते काकूंच्या सक्त ताकिदीनिशी. मी जिन्यात ऐकलं होतं. "एक शब्द बोलायचा नाही. पोहे खायचे आणि मान हलवायची. ही तुमची कोर्टकचेरी नाही, लेकीचं बघणं आहे."

काकांनी कोट घातला नव्हता. साधा पांढरा सदरा. त्यांनी खरोखर पोहे खाल्ले आणि मान हलवली. समोर मुलगा, त्याची आई आणि मामा. बोलत होते फक्त मामा. मोठे, गोरटे, अंगठ्या घातलेले. आत्या त्यांच्या प्रत्येक वाक्याला "बघ" म्हणायची.

"मुलगा आमचा मॅनेजर आहे," मामा म्हणाले.

"बघ," आत्या म्हणाली.

मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते, म्हणून मला सगळं दिसत होतं. काकांचा एक हात हळूच सदऱ्याकडे गेला. दारात उभ्या असलेल्या काकू जोरात खोकल्या. हात खाली आला.

"स्वतःचा फ्लॅट आहे मांजर्लीला. नदी दिसते."

काकांचे दोन्ही हात वर गेले. काकू पुन्हा खोकल्या, पण उशीर झाला होता. सदऱ्याला हिसका बसला आणि काका उभे राहिले.

"कितव्या मजल्यावर?"

मामा दचकले. "काय?"

"फ्लॅट. कितव्या मजल्यावर?"

"तळमजल्यावर. ऐसपैस आहे."

"नदी दिसते म्हणालात. पावसाळ्यात कुठून दिसते? खिडकीतून, की पलंगावरून?"

मुलगा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "पावसाळ्यात आम्ही मामाकडेच असतो, सर."

"तू गप्प बस," मामा म्हणाले.

"साक्षीदारावर दबाव आणू नका," काका म्हणाले. आता ते आमच्या घरात नव्हतेच. त्यांचा आवाज, त्यांचे डोळे, सगळं उल्हासनगरला पोचलं होतं. "मॅनेजर म्हणालात. कशाचे?"

"मोबाइलच्या दुकानाचे."

"दुकान कुणाचं?"

"माझंच," मामा म्हणाले.

"तुम्ही जेवायला गेल्यावर काउंटरवर कोण बसतं?"

"तोच की."

"आणि तुम्ही जेवून आल्यावर?"

मुलाने हात वर केला, शाळेत करतात तसा. "मग मी घरी जातो, सर."

"तुम्ही या मुलाला लहानपणापासून ओळखता?" काकांनी मामांना विचारलं.

"अहो, मी त्याचा मामा आहे!"

"हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"हो! हो! हो!"

काका मुलाकडे वळले. त्याच्याशी बोलताना त्यांचा आवाज मऊ झाला. "तुम्हाला स्वतःला काही सांगायचं आहे?"

मुलगा उभा राहिला. शर्ट सारखा केला. "सर, पोहे छान झालेत. आणि मलापण आयटीआयची राहिलेली परीक्षा द्यायचीय आधी."

मी ट्रे घट्ट धरला. हसू येतंय की रडू, हे मला कळत नव्हतं.

इथपर्यंतही निभावलं असतं. मामा घाम पुसत होते, बाबा मध्ये पडून सरबत आणायला सांगणार होते. पण काकांची इतक्या वर्षांची सवय. साक्षीदाराची तपासणी संपली की जे म्हणायचं असतं ते त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. त्यांनी मामांकडे पाहून मान किंचित झुकवली आणि म्हणाले, "मला अधिक काही विचारायचं नाही. आपण जाऊ शकता."

आणि मामा गेले.

म्हणजे खरंच उठून गेले. मागे मुलाची आई. तिच्या मागे मुलगा, जाता जाता बशीतला शेवटचा घास तोंडात टाकून. आत्या "अहो, अहो" करत चपलांपर्यंत धावली. फाटकाचा आवाज झाला. काका अजून सदरा धरून उभे होते. मग एकदम त्यांना आपण कुठे आहोत हे कळलं. चेहरा असा झाला की मी तो कधी विसरणार नाही.

"मी तर..." ते म्हणाले, "मी तर फक्त ओळख करून घेत होतो."

"चला घरी," काकू म्हणाल्या.

बाबा ओरडणारे नाहीत. ते चिडले की फक्त कमी बोलतात, आणि मुळात कमीच बोलत असल्यामुळे घरात नुसती शांतता झाली. आत्या मात्र दोघांचं मिळून बोलली. दारात आलेल्या पाहुण्यांना आम्ही कसं हाकललं, आता बिरादरीत कुणी उभं करणार नाही, पुढच्या आठवड्यात ती दुसरं स्थळ आणेल आणि तेव्हा वकील नको, पोलीस नको, कुणी नको. "आणि कॉलेज बंद. त्या स्कूटरवर बसूनच हे सगळं झालंय."

बाबा म्हणाले, "उद्यापासून जाऊ नकोस, बाय."

मी पुस्तकं कपाटात ठेवली. मग पुन्हा काढली. मग पुन्हा ठेवली. दुसरं काय करायचं असतं, मला माहीत नव्हतं.

वर काकांकडेही तीच अवस्था होती. काकू खाली येऊन आईला म्हणाल्या, "हे बोलत नाहीत हो. काल आमटीत मीठ घालायचं राहिलं. ह्यांनी साधी हरकतसुद्धा घेतली नाही. सगळी प्यायले." गॅलरीतल्या दोरीवर एक नवीन बनियन वाळत होतं. सपाट. त्याला एकही टोक नव्हतं. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. काळा कोट, गळ्याला पांढरे बँड, भांग पाडलेला. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"वकील म्हणून आलो नाही," ते म्हणाले.

"मग कोट कशाला घातलात?" आईने विचारलं.

"कोटाशिवाय मला बोलता येत नाही, वहिनी. मी आरोपी आहे. पण आरोपी म्हणूनही नीट बोलावं लागतं."

बाबा खुर्चीतून उठले नाहीत. "बोला."

काकांचे हात कोटाकडे गेले, पण त्यांनी ओढला नाही. नुसता धरून ठेवला. "चूक झाली. तुमच्या घरात, तुमच्या पाहुण्यांसमोर. त्याला बचाव नाही. फक्त एक विनंती आहे. मुलीच्या लग्नाच्या विषयाला पुढची तारीख द्या. परीक्षेनंतरची. तिचं कॉलेज थांबवू नका."

मी आतल्या दाराआड उभी होते. बाबांनी काकांकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आणि मला दिसलं की त्यांना शेवगा आठवतोय. तो सगळा शेवगा, मुळापासून.

"साहेब," बाबा म्हणाले, "तुम्हीच मला सांगायचात. तारीख हवी तर कारण द्यावं लागतं. सबळ."

"बरोबर आहे."

"मग द्या कारण."

आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्यांच्या वतीने हजार कारणं दिली, त्याला त्या दिवशी एक सुचेना. त्यांनी कोट सोडून दिला. मग म्हणाले, "स्कूटरवर मागे कुणी नसलं की मी एकटाच बोलत जातो. अंबरनाथपर्यंत. लोक बघतात."

बाबांनी आता कॅलेंडर सोडून त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि ती ऐकते," काका म्हणाले. "मध्ये बोलत नाही. घरी मला तशी सवय नाही."

आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी खूप प्रयत्न केला, पण त्यांच्या मिशा हलल्याच. ते उठले, कॅलेंडरची पानं उलटली आणि उन्हाळ्यातल्या एका तारखेवर बोट ठेवलं. शेवटच्या पेपरचा दिवस.

"ही घ्या. संध्याकाळी. वर तुमच्याकडे, कोर्टासमोर. ताईला मी सांगतो." मग बोट वर करून म्हणाले, "पण तुम्ही हजर राहायचं. वकील गैरहजर असला तर मी एकतर्फी निकाल देईन. तुम्हीच शिकवलंय."

"हजर राहतो," काका म्हणाले, आणि कोटाला असा जोरात हिसका दिला की वरचं बटण तुटून आमच्या चपलांत पडलं. ते आम्हाला नंतर सापडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा स्कूटरवर बसले. काका अंबरनाथपर्यंत बोलत होते. मी मध्ये बोलले नाही.

यापुढचं मला थोडक्यात लिहायचं आहे.

थंडी सरता सरता काका गेले. कोर्टातच, दुपारी, वकिलांच्या खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या. त्यांच्या कामाचा पुकारा झाला, पुन्हा झाला, मग एका तरुण वकिलाने आत येऊन पाहिलं. त्यानेच न्यायाधीशांसमोर उभं राहून सांगितलं. त्या कामाला तेव्हाही पुढची तारीख पडली, असं म्हणतात. शिरगावच्या आमच्या गल्लीत इतकी माणसं आली की उभं राहायला जागा नव्हती. पापडवाले दोघे भाऊ एकाच रिक्षाने आले. लांबट चेहऱ्याच्या त्या बाई आल्या. त्यांनी काकांच्या डोक्यावर हात ठेवला. हेल्मेट नव्हतं.

मुलगा बेंगळुरूहून आला, महिनाभर राहिला, आईला चल म्हणाला. काकू म्हणाल्या, "बघू." स्कूटर खालीच होती. एकदा भंगारवाला विचारायला आला तर काकूंनी गॅलरीतून त्याला अशी काही वाक्यं ऐकवली की तो पुन्हा आमच्या गल्लीत शिरला नाही. टोकं असलेल्या एका बनियनने त्या रोज सकाळी स्कूटर पुसायच्या.

माझे पेपर चांगले गेले. बहुतेक. शेवटचा पेपर देऊन घरी आले तर बाबा आधीच आलेले. आकाशी शर्ट घालून, बटणं लावून बसलेले. आत्याचा फोन येऊन गेला होता. आता तारीखही झाली आणि वकीलही नाही, असं ती म्हणाली होती.

"चल, बाय," बाबा म्हणाले. "वर जाऊ."

आम्ही जिना चढलो. काकूंनी दार उघडलं. बाबा उंबऱ्याबाहेरच थांबले, त्या संध्याकाळी काका आमच्या दारात थांबले होते तसे.

"वहिनी, आज तारीख होती," बाबा म्हणाले. पुढे काय बोलावं हे त्यांना कळेना. त्यांनी घसा साफ केला. "ते हजर नसले तर एकतर्फी निकाल देईन, असं मी म्हणालो होतो."

काकू बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. "पुढे काय शिकायचंय म्हणालीस?"

"एम.एस्सी., काकू."

"किती वर्षं असतं ते?"

"दोन."

काकूंनी आत वळून गॅलरीकडे एकदा पाहिलं. परत वळल्या. दोन्ही हातांनी पदराच्या कडा धरल्या आणि खाली एक हिसका दिला.

"आज नको," त्या म्हणाल्या. "पुढची तारीख घेऊ."

बाबांनी मान झुकवली. मला वाटतं, ते शर्ट घालून एवढंच ऐकायला वर आले होते.

"कोर्ट म्हणेल तसं," ते म्हणाले, आणि जिना उतरायला लागले. मी वळणावर थांबून वर पाहिलं. काकू दारातच होत्या. पदर अजून धरलेलाच होता.